पुडक्याचा कान

टर्र!

चिकटपट्टी ओढल्याचा एवढासा आवाज, पण दुपारच्या त्या शांततेत तो हातातून ताटली निसटावी तसा वाजला. आतल्या खोलीत पलंग कुरकुरला. पट्टी बोटावर तशीच धरून आई थबकली. ढब्यानं कूस बदलली आणि तो पुन्हा घोरायला लागला. तीन वर्षांचं पोर, पण घोरणं एखाद्या निवृत्त हवालदाराचं. त्याची काळजी नव्हती. भीती ठमीची. ठमी सहा वर्षांची, आणि झोपेतसुद्धा घरात काय चाललंय याचा तिला पत्ता असायचा.

उद्या नाताळ. सकाळची पाळी उरकून, दोघांना पाळणाघरातून उचलून, भरवून, थोपटून निजवल्यावर हाती लागलेला हा एवढाच वेळ. ओट्यावर ढब्याची लाकडी आगगाडी आणि ठमीची रंगपेटी मांडलेली. दोन्ही पुडकी सांताबाबाच्या नावावर जायची होती, म्हणून ती परक्या हातानं बांधल्यासारखी बांधत होती. म्हणजे कान न काढता.

कानाची गोष्ट अशी. ती एका मोठ्या दुकानात हातमोजे, मफलर विकायची, आणि डिसेंबर लागला की तिथंच टेबलावर लोकांच्या भेटी बांधून द्यायची. ठमी दोन वर्षांची असताना तिच्या हातात पहिलं पुडकं दिलं, तर पोरीला पट्टी काही निघेना. रडून रडून टोमॅटो झाली. तेव्हापासून आई कागदाचा शेवटचा कोपरा दुमडून नखाएवढा मोकळा ठेवायची, इवल्या बोटांना धरता यावा म्हणून. ठमीनंच त्याला कान म्हटलं. "कान पिळला की पुडकं सगळं कबूल करतं." पुढे हाताला सवयच लागली आणि दुकानातल्या पुडक्यांनाही कान फुटायला लागले. सुपरवायझर बाईंनी झापलं होतं, "हे काय शेपूट ठेवता? नीट चिकटवा की!" पण गिऱ्हाइकंच म्हणाली, उघडायला बरं पडतं. मग बाई गप्प बसल्या.

सांताबाबाला मात्र कान काढता येत नाही, हा निकाल ठमीनं गेल्या नाताळात दिला होता. कान असला की आईचं, नसला की सांताचं. त्यावर अपील नव्हतं.

नवऱ्याचं असल्या गोष्टींकडे फारसं लक्ष नसायचं. तो एका बांधकाम ठेकेदाराच्या ऑफिसात नकाशे काढायचा. कागदावरची भिंत सूतभर सरकली तरी त्याच्या नजरेतून सुटायची नाही. घरात मात्र पडदे बदलून महिना झाला तरी विचारायचा, "हे नवे का?" तिनं त्याचं वाईट वाटून घेणं कधीच सोडलं होतं. दोन मुलं झाली की नवराबायको एकाच दुकानातल्या दोन पाळ्यांसारखे होतात, एक आत आली की दुसरा बाहेर पडतो. जाताजाता दाराशी सांगायचं ते एवढंच, की दूध तापवलंय आणि धाकट्याचं नाक वाहतंय. सगळ्यांचं असंच असतं, असं ती धरून चालली होती.

कुलूप फिरलं. ऑफिस आज लवकर सुटलं होतं.

"झोपलेत?"

"हळू बोल. सांताबाबा कामात आहे."

तो हसला. हल्ली पटकन हसायचा, लागेल त्यापेक्षा थोडं जास्तच. त्याच्या हातात एक पुडकं होतं. "नाताळचं झाड लावलं की हे त्याखाली ठेवू. ऑफिसात चिठ्ठ्या टाकल्या होत्या ना, ज्याचं नाव निघेल त्याला भेट द्यायची. मला हे आलं."

"कुणाकडून?"

"नाव सांगायचं नसतं गं, तीच तर गंमत. उद्या मुलांसमोर उघडू, त्यांनाही मजा." पुडकं ओट्याच्या कडेला ठेवून तो तोंड धुवायला गेला.

मातकट साधा कागद, वरून हिरवा दोरा. घंटा आणि चांदण्यांच्या चकचकीत कागदांच्या दिवसांत असला कागद कोणी मागत नाही. सबंध डिसेंबरात एकीनं मागितला होता. तिनं पुडकं उचललं, उलटं केलं. शेवटच्या घडीतून नखाएवढा कान बाहेर डोकावत होता.

न्हाणीघरात नळ वाहत होता. ती उभीच राहिली.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. बाई तिच्याच वयाची असेल. फार देखणी नव्हे, पण बोलणं मऊ. एवढ्या गर्दीतही तिनं मागच्या म्हाताऱ्याला पुढे जाऊ दिलं होतं. आतून लोकर लावलेले कातडी हातमोजे हवे होते, पुरुषाचे.

"माप?"

"माप नाही हो माहीत." बाईनं स्वतःचा तळवा टेबलावर पसरला. "माझ्या बोटांच्या वर एवढं." आणि मधल्या बोटापुढं अर्धं पेर तिनं हवेत दाखवलं. "रुंदीला कमी चालतील. हात निमुळता आहे." सांगून झाल्यावर ती लाजली.

तळव्याला तळवा लावून घेतलेलं माप. त्या दिवशी दहा तास उभं राहून पायांचे ओंडके झाले होते, तरी ते पाहून तिला बरं वाटलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांना विचारायची तसंच तिनं विचारलं, "कुणासाठी, ताई?"

"आहे एक जण. स्कूटरवरून येतो, थंडीनं बोटं फुटलेली असतात. स्वतःहून काही घेणार नाही, आणि घरी कुणाचं लक्ष नाही हो त्याच्याकडे."

आणि ती, दुकानातली शहाणी, काय म्हणाली? मान डोलावून म्हणाली, "असतात हो तशा बायका. घरात माणूस वावरतोय की खुर्ची, पत्ताच नसतो त्यांना."

"अगदी बरोबर बोललात!" बाई म्हणाली.

काळे घेत होती, तर हिनंच चॉकलेटी रंगाचे काढून दिले. काळे काय, सगळेच घालतात. नाही बसले तर बदलून देऊ, म्हणाली. "बसतील," असं ती बाई कसं सहज म्हणाली होती! मग हिनं जरा जास्तच मन लावून पुडकं बांधलं. कुणाच्या तरी घरात नाही तरी कुणाच्या तरी मनात त्या बिचाऱ्याला जागा आहे, असं वाटून.

त्या बिचाऱ्यानं नळ बंद केला. "चहा टाकतेस?"

"टाकते."

हातमोजे घ्यावेत हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. एकदा नव्हे, दोन हिवाळे. रोज शेकडो जोड्या हाताखालून जायच्या, पण घरच्या माणसाचं माप तिला सांगता आलं नसतं. मागच्या थंडीत तिनं त्याच्या उशाशी व्हॅसलीनची डबी ठेवली. ढब्यानं ती भिंतीला फासली. लक्ष देण्याचा प्रयत्न तिथं संपला. ती बाई म्हणाली ते सगळंच खोटं होतं असं नाही, आणि हीच गोष्ट जास्त झोंबत होती. चोर घरात शिरला, आणि वर घर कसं अस्ताव्यस्त आहे तेही बोलून गेला.

मुलं उठली आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. खोक्यातून झाड निघालं, फांद्या उलगडल्या. ढब्यानं सगळ्या घंटा एकाच फांदीला लटकवल्या, ती फांदी जमिनीला टेकली. "ही फांदी नमस्कार करतेय," तो म्हणाला. बाबानं त्याला खांद्यावर घेतलं, शेंड्यावर तारा लावून घेतला. ठमी खालून हुकूम सोडत होती. "डावीकडे! अहो बाबा, तुमचं डावं नाही, माझं डावं!"

"होय साहेब," तो म्हणाला, आणि तिघंही खिदळली.

बाप म्हणून तो चांगला होता. हेच तर संकट होतं. वाईट असता तर रागाला धरून उभं राहता आलं असतं.

संध्याकाळी तो मुलांना चौकातली रोषणाई दाखवायला घेऊन गेला. "तू नाही येत?" त्यानं विचारलं. "केक व्हायचाय," ती म्हणाली. दार लागलं तशी ती कात्री घेऊन झाडापाशी बसली.

काम एका क्षणाचं होतं. कान कापायचा, वर पट्टी मारायची, की झालं ऑफिसचं पुडकं. उद्याचा नाताळ सुखरूप पार पडेल. मुलं नाचतील, केक कापतील. बोलायचं ते नंतर बोलता येईल, मुलं पाळणाघरात असताना, दार लावून. ठमीच्या तर ध्यानातही येणार नाही. तिनं कान दुमडून आत घातला, वर पट्टी दाबली, अंगठा फिरवला. छान बसली. सुपरवायझर बाईंनीही शाबासकी दिली असती.

मग तिची नजर स्वतःच्या अंगठ्याकडे गेली, आणि संताप आला. हेच तर ती वर्षभर करत आली होती. त्याचं उशिरा येणं, जेवताना हरवणं, फोन पालथा ठेवणं, सगळं आत दुमडून वर पट्टी. तेही त्यानं न सांगता. आणि आता त्याची भेटसुद्धा तिनंच निवडून द्यायची, तिनंच बांधायची, आणि तिनंच झाकायची? नाही. एवढं तरी त्याला दिसू दे. उद्या पुडकं हातात घेईल, उलटं करेल, कान बोटाला लागेल. मुलांच्या पुडक्यांवर इतकी वर्षं पाहिलेला कान. ओळखेल. काही बोलायलाच नको, फक्त ओळखू दे.

तिनं नखानं पट्टी अलगद सोडवली आणि कान पुन्हा ताठ उभा केला.

केक एका बाजूनं करपला.

सकाळी ढब्यानं सगळ्यांना उठवलं. "सांताबाबा येऊन गेला! त्यानं केकचा काळा भाग नाही खाल्ला!" रंगपेटी निघाली, आगगाडी निघाली. ठमीनं दोन्ही पुडकी आधी नीट तपासली होती. "कान नाही. सांताचंच आहे," असा शेरा देऊनच तिनं कागद फाडला. आगगाडी उशांवरून, आईच्या पायांवरून, केकच्या ताटलीवरून गेली. नवरा गालिच्यावर मांडी घालून बसला होता, केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. क्षणभर तिला वाटलं, वेळ इथंच थांबावा, ते पुडकं कुणाच्या ध्यानात येऊच नये.

"आता बाबाचं!" ठमी ओरडली.

त्यानं मातकट पुडकं उचललं, दोरा सोडवला. ते हातात फिरवलं, उलटं केलं. त्याचं बोट कानाला लागलं. आणि तसंच पुढे सरकलं. तो पट्टीचं टोक शोधत होता. कानाच्या शेजारी, कानाच्या वर, कानाच्या खाली नखानं खरवडत होता.

त्यानं कान ओळखला नाही. तो त्याला दिसलाच नव्हता, कधीच.

तिला त्या क्षणी कळलं की तिचं कुठं चुकलं. कान तिनं ज्याच्यासाठी उभा केला, त्याला ती लिपी वाचताच येत नव्हती. वाचता येत होती ती दुसऱ्याच कुणाला. ती पुढं झुकली, "आण इकडे, मी उघडते," म्हणाली, पण तोवर ठमी बापाच्या मांडीवर चढली होती.

"अहो बाबा, कान आहे ना! कान पिळा!" तिनं चिमटीत धरून ओढला. कागद एका दमात उलगडला. चॉकलेटी हातमोजे बाहेर आले. "आईनं बांधलंय हे!"

"छे गं." तो हसला. "ऑफिसातलं आहे."

"मग कान कसा? कान फक्त आईच काढते. दुकानात पण. हो ना, आई?"

तो हसतच होता. मग हसू तसंच राहिलं आणि त्यामागचा चेहरा निघून गेला. त्यानं कागद हातात घेतला, कोपऱ्यातली दुहेरी घडी पाहिली. नकाशा पाहावा तशी, सूत सूत. मग सांताच्या फाटक्या कागदांकडे, तिच्या हातांकडे, आणि सगळ्यात शेवटी तिच्याकडे. कितीतरी महिन्यांनी त्यानं तिच्याकडे इतकं नीट पाहिलं. काल संध्याकाळपासून याच नजरेची ती वाट पाहत होती. आली तेव्हा तोंड कडू झालं, एवढंच.

"अगं, ते..." तो म्हणाला.

"घालून बघ," ती म्हणाली. "बसतील."

ढब्यानं एक हातमोजा डोक्यावर घातला होता. "मी कोंबडा!" दुसरा ठमीनं बापाच्या हातात चढवला, एकेक बोट नीट ओढत, आई तिला चढवायची तसा. तो अगदी बेताचा बसला. बोटं पुरली, रुंदी पुरली, कुठं सुरकुती नाही. बापानं तो हात मांडीवर ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

ठमीचं मात्र समाधान झालं नव्हतं. तिनं कागद गुळगुळीत केला, कान बोटानं दोनदा पुढंमागं केला, आणि आईजवळ येऊन बसली. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी तिला रोज जेवताना लागायच्या. कुणी आजोबांनी आजीसाठी काय घेतलं, कुणी पोरानं शाळेतल्या बाईंसाठी काय घेतलं, सगळं तिला पाठ होतं.

"आई," ती म्हणाली, "तू तर सगळ्यांना विचारतेस ना, कुणासाठी म्हणून? मग हे घ्यायला जे आलं होतं, ते काय म्हणालं तुला?"