दोन तांबडे, एक हिरवा

शोभानं पदराचं टोक ओलं केलं आणि मॉनिटरची काच पुन्हा घासली. ठिपके काचेवर नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं, पण हात स्वस्थ बसत नव्हता.

"बाई, सावकाश," दारातून मुख्याध्यापक महादेवप्पा म्हणाले. "कालच हैदराबादहून आलाय तो. काच फुटली तर श्रीपतरावांना काय तोंड दाखवू मी?"

"तुमच्या तोंडाचं राहू द्या सर, हे तोंड बघा आधी."

पडद्यावर एका माणसाचा चेहरा होता. पांढरा पटका, रुंद कपाळ, जाड मिशा. आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसते तांबडे-हिरवे ठिपके, तोंडाला मोहरी चिकटवल्यासारखे.

शाळेला सरकारकडून मिळालेल्या त्या कॉम्प्युटरला रंग आठच यायचे. त्यात तपकिरी नव्हता. माणसाच्या कातडीला लागणारा नेमका तोच रंग कसा विसरले, म्हणून शोभानं तो बनवणाऱ्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या होत्या. मग थंडीभर जुन्या टीव्हीसमोर बसून तिनं तो रंग तयार केला: दोन तांबडे ठिपके, शेजारी एक हिरवा. तो टीव्ही इतका दळभद्री की एकही ठिपका आपल्या जागी राहायचा नाही. एकाचा रंग दुसऱ्यात उतरायचा आणि लांबून बघावं तर उन्हात रापलेली कातडी दिसायची. नव्या मॉनिटरला मात्र हे चालत नव्हतं. तो प्रत्येक ठिपका वेगळा, ठसठशीत दाखवत होता आणि थंडीभराची मेहनत मातीत घालत होता.

"सर, याला जुना टीव्हीच पायजे. त्यावर रंग एकमेकांत मिसळतात."

"जुन्यावर सगळं पुसट दिसतं. हा बघा की, किती स्वच्छ!"

"स्वच्छच तर नको मला."

महादेवप्पांनी कपाळाला हात लावला. "चांगली वस्तू मिळाली तर त्याचीपण तक्रार. ज्यानं दिलाय त्याच्यासमोरच त्याचा मॉनिटर बाजूला ठेवू? श्रीपतरावांना फीत कापून जाऊ द्या. मग काय घालायचा तो गोंधळ घाला." आणि जुना टीव्ही ज्या खोलीत होता तिची किल्ली त्यांनी खिशात टाकली.

शोभाच्या अंगाचा तिळपापड झाला. नुसतं पाहुण्यांपुरतं असतं तर तिनं चित्र कसंही दिसू दिलं असतं. पण आज मुडबीहून आई यायची होती, आणि हा चेहरा तिच्या बापाचा होता. तो गेला तेव्हा शोभा रांगत होती. त्याचा एकही फोटो नव्हता. कपाळ कसं होतं, मिशा कशा होत्या, हे आईला विचारून विचारून तिनं हा माणूस उभा केला होता. कातडी कशी होती असं विचारल्यावर आई, चांगुणाबाई, दर वेळी एकच सांगायची, "नितळ. भाजल्या शेंगदाण्यावानी." आता चित्र बघून हाच तो, एवढं आईनं म्हणावं, म्हणजे आपण बाप बघितला असं होईल, इतकीच शोभाची हाव होती.

श्रीपतराव आले, फीत कापली, मॉनिटरवर मायेनं हात फिरवला. मग चित्राकडे वाकून बघत म्हणाले, "कोण म्हणायचे हे? रंगपंचमी खेळून आलेत काय?"

सगळे हसले. शोभालाही हसावं लागलं. हसता हसता तिचं लक्ष दाराकडे गेलं. चपला हातात घेऊन चांगुणाबाई उभी होती आणि चित्राकडे बघत होती.

पाहुणे चहाला गेले तसं महादेवप्पांनी खिशातून काढलेली किल्ली शोभानं जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"आई, तू बस हितं. तिकडं बघू नको. ते बरोबर न्हाई दिसायलं."

"कामून?"

"थांब जरा. दाखवते."

शिपाई व्यंकटनं जुना टीव्ही आणून शेजारी ठेवला. शोभानं त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली. चित्र थरथरलं, तिरकं झालं, मग स्थिर झालं. ठिपके गेले. पटक्याखाली एक नितळ, तांबूस सावळा चेहरा उमटला.

"अरे, हा तर माणूस झाला की!" महादेवप्पा म्हणाले.

शोभा आईकडे वळली.

चांगुणाबाईनं टीव्हीकडे बराच वेळ बघितलं.

"चांगला काढलास," ती म्हणाली. "कोण हाय?"

"कोण म्हंजे? बा हाय, आई. तू सांगितलंस तसाच काढलाय."

"व्हय. मी सांगितलं तसाच हाय."

चांगुणाबाई उठली. टीव्हीपुढून सरकून मॉनिटरसमोर गेली. तो अजून चालूच होता. तिनं काचेवर, गालाच्या ठिकाणी, तळवा ठेवला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"ल्हानपणी देवी आल्या होत्या त्याला. समदं तोंड असंच होतं. गाव त्याचं नाव कधी घेतच नव्हतं, वणावरनंच हाक मारायचं. तुला त्या नावानं कुणी हाक मारू न्हाई, म्हणून मी आपलं नितळ म्हणत आले."

महादेवप्पांना यातलं काही कळलं नाही. "बाई, तुमचंच खरं होतं," ते मोकळ्या मनानं म्हणाले. "जुन्यावरच छान दिसतंय. मॉनिटर काढायला सांगू ना?"

"नको, सर."

"आता पुन्हा नको?"

चांगुणाबाईचं बोट काचेवरून खाली सरकत होतं. "हितं नाकापशी लई दाट होते," ती म्हणाली. "हे कमी पडलेत."

शोभानं टीव्ही बंद केला, स्टूल ओढून मॉनिटरसमोर बसली आणि डोळे पुसून म्हणाली, "कुठं? बोट ठेव बरं."