जिन्याचे प्रोफेसर

आमच्या सरांनी विभागातल्या लिफ्टच्या दाराला 'जिना चढा, मन फुलवा' असा फलक लावला आणि आठवडाभर झाडून सगळे जिना चढले. व्यायामाच्या मानसशास्त्रात केवढा गाजावाजा! त्या संशोधनावर सर प्रोफेसर झाले. त्या आठवड्यात लिफ्टच बंद होती, हे मी सांगायला गेले, तर म्हणाले, "लागलीस नाट लावायला!"

परवा पाचव्या मजल्यावर त्यांचा सत्कार होता. लिफ्ट पुन्हा बंद पडली. अध्यक्ष, पाहुणे आणि मी धापा टाकत वर पोचलो. सरांचा पत्ता नाही. फोन केला, तर खालूनच म्हणाले, "मेकॅनिक येतोय. तोवर तूच माझ्या संशोधनावर चार शब्द बोल."

इतक्या आनंदाने मी आजवर माईक हातात घेतला नव्हता.