आरशापलीकडची खोली

मित्रांनो, माझ्यात बघून तीन पिढ्यांनी भांग पाडले, पण मला कुणी बघितलं असं काही म्हणवत नाही. मी आरसा आहे. पुरुषभर उंच, जुना, कडांचा पारा उडालेला. जन्मलो व्हिएन्नात, आणि गवतात गुंडाळून बोटीने डॅन्यूबकाठच्या या गावात आलो. तेव्हापासून ग्रोझ्दानकाकांच्या सलूनच्या भिंतीला स्क्रूंनी जखडलेला आहे. समोर एक खुर्ची, एक दार आणि दारातून दिसेल तेवढा रस्ता. लोक येतात, गाल तपासतात, निघून जातात. मी जात नाही. माझ्या पाठीमागे शेजारच्या नेदेल्कामावशींचं स्वयंपाकघर आहे. ते मी कधी पाहिलेलं नाही. शरदात मिरच्या भाजल्याचा वास तेवढा येतो.

काका मला दर शनिवारी व्हिनेगरने पुसत. "याच्यासारखा खरं बोलणारा गावात दुसरा नाही," असं गिऱ्हाइकांना सांगत. टक्कल पडलेली गिऱ्हाइकं तेवढ्यात टोपी चढवत.

मग आमच्या जुन्या घरांची ओळ दुरुस्त करायचं ठरलं आणि मोजणीदार आला. त्याने तिपाईवर एक यंत्र चढवलं. ते गरागरा फिरून प्रकाश फेकतं आणि प्रकाश आपटेल तिथे एक ठिपका नोंदवतं. असे कोट्यवधी ठिपके जमले की खोलीचा जणू ढग होतो. मोजणीदाराने माझ्यावर टाकायला काळं कापड काढलं.

"हे कशाला?" काकांनी विचारलं.

"आरसा झाकावा लागतो काका, नाहीतर यंत्र फसतं."

"घरात कुणी गेलं की आरसा झाकतात. कोण गेलंय? तू?"

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे."

"मरायला तेवढीही लागत नाहीत. ठेव ते पिशवीत."

कापड पिशवीत गेलं. प्रकाश माझ्यावर आला आणि ओळखही न दाखवता उलटा फिरून खुर्चीवर, दारावर, काकांवर आपटला. यंत्राला मी दिसलोच नाही. त्याला दिसलं एक भोक, आणि भोकापलीकडे दुसरं सलून.

पुढच्या महिन्यात यानित्सा आली. ठिपक्यांवर भिंती-दारं रचून इमारतीचं मॉडेल करायचं, हे तिचं काम. ते तिने कचेरीत बसूनच केलं होतं. आल्या आल्या काकांना नमस्कार करून, माझ्याकडे पाठ करून ती खुर्चीत बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. तिच्या खांद्यावरून मला स्क्रीन दिसली. राखेसारखे ठिपके, त्यांवर रचलेल्या कोऱ्या भिंती. माझ्या जागी रुंद दार. दारापलीकडे, मावशींच्या स्वयंपाकघरात, दुसरी खुर्ची आणि डाव्या हातात वस्तरा धरलेले दुसरे काका.

"सोमवारी मजूर येतील. या दाराच्या कडा फोडून काच बसवायची आहे," म्हणत ती मागे वळली. मला बघून तिने स्क्रीन तपासली, मग पुन्हा मला.

भिंत पातळ आहे. मावशी हातात पळी घेऊनच हजर झाल्या आणि स्क्रीनवर वाकल्या.

"माझ्या चुलीवर तुझं दुकान कधी आलं रे ग्रोझ्दान?"

"मी हा इथे उभा आहे की!"

"यात तर माझ्या बरण्यांत उभा आहेस. वस्तरा घेऊन!"

यानित्साने साहेबांना फोन लावला. "सर, तिथे भिंत आहे. मी तिला टेकून उभी आहे."

"मॉडेलमध्ये आहे का?"

"नाही."

"मंजूर मॉडेल झालंय ना? मग टेकू नका."

पुष्कळ विनवण्यांनंतर साहेब एवढ्यावर आले की आरसा झाकून पुन्हा मोजा, नाहीतर सोमवारी घण पडेल. मित्रांनो, घण पडणार हे ऐकूनही ज्याला जागचं हलता येत नाही, त्याला काय वाटतं ते मला विचारा.

"झाकणार नाही," काका म्हणाले.

"म्हणजे माझी चूल गेली तरी चालेल?" मावशी कडाडल्या. "माझा नवरा गेला तेव्हा घरातले आरसे तूच झाकलेस. तेव्हा बरा हात चालला!"

"आणि बायको गेली तेव्हा माझ्या घरचे तू झाकलेस. आता पुरे झालं, नेदेल्का."

मावशी एक पाऊल मागे सरल्या. पळी मात्र खाली ठेवली नाही.

काकांनी खण उघडला, स्क्रूड्रायव्हर काढला आणि मलाच भिंतीवरून उतरवलं.

तिघांनी मला उचलून फुटपाथवर झाडाला टेकवलं. मला आभाळ दिसलं. एक सीगल माझ्यावरून गेला आणि परत येऊन स्वतःकडे बघून गेला. आत, यानित्साने सोबत आणलेल्या यंत्राचा प्रकाश उघड्या भिंतीवर आपटला. यानित्साने पलीकडच्या खोलीभोवती चौकट आखली, एक कळ दाबली, आणि ती खुर्ची, ते दार, ते डावखुरे काका नाहीसे झाले. चूल वाचली. मावशींनी यानित्साला मिरच्यांच्या चटणीची बरणी दिली आणि काकांना बजावलं, "तुला नाही. तू फार दिवस माझ्या बरण्यांत राहिलास."

संध्याकाळी मला परत जागेवर बसवलं. आता मॉडेलमध्ये तिथे सरळ, कोरी भिंत आहे. मी नाही. आधी निदान भोक तरी होतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन घरांची चित्रं काढाल. रेघ मारण्याआधी एकदा त्या घरात जा, भिंतीला हात लावा, पलीकडे कोण राहतं ते विचारा. आणि घरात जुना आरसा असेल तर वर्षातून एकदा तरी त्याला उतरवून बाहेर उन्हात ठेवा. आम्हालाही काहीतरी बघायचं असतं.