टेबलावरचा बर्फाळ डोंगर

मी डोंगर बोलतोय. खरा नव्हे, टेबलावर मावणारा. प्लायवूडचे थर एकावर एक चिकटवून साताऱ्यातल्या एका वास्तुरचनाकारांच्या ऑफिसात माझा जन्म झाला. अंगावर प्लास्टरचा बर्फ, काड्यांचे देवदार. हिमालयातल्या एका उतारावर देशाच्या मोठ्या हिवाळी स्पर्धा व्हायच्या आहेत. तिथलं क्रीडासंकुल कसं असेल, हे दाखवायला मला बनवलं.

मला घडवलं स्वप्नालीनं. माण तालुक्यातल्या मेंढपाळांच्या घरातली ही मुलगी. टँकरची वाट बघत वाढलेली, आणि आता दिवसभर बर्फाचा विचार करायची! वारा कुठून येतो, हिमकडा कुठं कोसळू शकतो, प्रेक्षक कुठं बसवायचे. ती जागा बघायला गेली ती नाक सोलून, ओठ फुटून परतली, आणि तशीच माझे उतार तासायला बसली.

तिचा थोरला भाऊ अमृत फौजेत होता. सीमेवरच्या थंडीनं त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापासून नेले. आता तो बसून चालवायच्या स्कीवर शर्यती मारतो. कुणाचा आराखडा घ्यायचा हे ठरवणाऱ्या दिल्लीतल्या निवड समितीपुढं मला न्यायचं ठरलं, तेव्हा तो आईला, मंगलबाईंना घेऊन मला बघायला आला.

"आगं, एवढ्या बर्फात बसून मानसं खेळ बघत्यात व्हय? गारठून जातील की!" मंगलबाई म्हणाल्या.

"लय भारी केलंयस, सपे," अमृत म्हणाला. त्याचं बोट रोपवेच्या तारेवरून चढत गेलं, वरच्या थांब्यावर उतरलं, शर्यत जिथून सुटते त्या चौथऱ्याकडं निघालं आणि थांबलं. मधे जिना होता. त्यानं बोट काढून घेतलं आणि तो देवदारांचं कौतुक करू लागला.

मंगलबाईंच्या ते ध्यानात आलं नाही. स्वप्नालीच्या आलं.

दोघं गेल्यावर ती ऑफिसच्या प्रमुखांकडं, अनंत सरांकडं गेली. "सर, वरचा थांबा हलवायचाय. चौथऱ्याच्या पातळीला आणायचाय."

"आता? अगं, सगळे आराखडे बदलतील. बसून खेळणाऱ्यांना चार माणसं उचलून नेतील की."

"पाय गेल्यापासून दादाला लोक उचलतच आलेत, सर. निदान शर्यतीला तरी त्याला स्वतःच्या जोरावर जाऊ द्या. नाहीतर या आराखड्यावर माझं नाव नको."

सरांनी वाकून माझ्यावरचा जिना मोजला. मग त्यांनीच करवत आणली.

खरं सांगू? कापताना मला वाईट वाटलं. माझा सगळ्यात देखणा कडा गेला. पंचांचा मनोरा खाली सरकला. जिना उपटला आणि तिथं झाडांना वळसा घालत जाणारी सोपी वाट आली. चाकाच्या खुर्चीवरून या की पायी या, वाट एकच. नवे थर कापताना स्वप्नालीच्या बोटाला सुरी लागली. तिनं चिंधी गुंडाळली आणि काम पुढं चालू ठेवलं.

दिल्लीत समितीतल्या एकांनी विचारलं, "वाटेलाच इतकी जागा कशाला?"

"याच उतारावर दिव्यांग खेळाडूंच्याही शर्यती आहेत," ती म्हणाली. "त्यांना मागच्या दारानं आणायचं नाही."

आमची निवड झाली.

सध्या मी हिमालयातच आहे, बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. प्लास्टरला तडे गेलेत, एका देवदारावर कुणीतरी टोपी अडकवतं. 'वाट थोडी अरुंद केली तर काम लवकर उरकेल,' अशी कुजबुज अधूनमधून कानावर येते. मग स्वप्नाली साताऱ्याहून येऊन थडकते, मला बैठकीच्या मधोमध ठेवते आणि वाट आहे तेवढीच राहते.

संकुल उभं राहिलं की मला कोण विचारणार? तेव्हा खुशाल मोडा, शेकोटीत घाला. इथं थंडी फार. कुणाचे तरी हात शेकतील. पण गड्यांनो, तोवर त्या वाटेची एक वीटही आत सरकवू नका.