धारेपुरता श्वास

माझ्या वडिलांनी, आबांनी, तीस वर्षं गुऱ्हाळाच्या चुलवाणाला जाळ घातला. त्या धुरानं त्यांची फुप्फुसं कामातून गेली. पौषात त्यांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी घरची म्हैस शेजारच्या गावच्या पिराजींना विकून टाकली. अशा माणसाला विश्रांतीच हवी, असं मी धरून चालले होते. आबांना सांगितलं, "आत्याकडं पाठवलीय, तुम्ही बरं होईतो."

आबा घरी आल्यावर फिजिओथेरपिस्ट संघप्रिया येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आबा, दम पुरला तर काय करायचंय?"

"म्हशीची धार काढायचीय. दुसरं काय न्हाय."

मग सगळा व्यायाम धारेसाठीच बेतला गेला. उकिडवं बसलं की दम कोंडायचा, म्हणून बुटकं स्टूल आलं. रबरी हातमोज्यात पाणी भरून, बोटांना भोकं पाडून तो खुर्चीला टांगला. मूठ आवळताना ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा, सैल करताना घ्यायचा.

"ही म्हस बरी हाय," आबा म्हणाले. "लाथ मारत न्हाय."

"दूध पण देत नाही की," संघप्रिया म्हणाल्या.

सातव्या आठवड्यात आबा न थांबता पाच मिनिटं पिळू लागले. म्हणाले, "क्रांते, आत्याला फोन लाव. म्हस धाडून दे म्हणावं."

मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातमोज्याला हात लावला नाही.

संघप्रियांना मी दारातच सगळं सांगितलं. त्या आत जाऊन आबांजवळ बसल्या. "पिराजींच्या गोठ्यापर्यंत चालणं किती आहे, आबा? तेवढं बसवू आपण."

आबा म्हणाले, "मळ्यापातुर रिक्षा जातीया. म्होरं बांधावरनं शंभर पावलं."

तीन आठवडे आम्ही अंगणात शंभर पावलं चाललो, दर वीस पावलांना भिंतीला टेकत.

पिराजींनी म्हैस धुऊन ठेवली होती. "या पावणं. जनावर तुमचंच हाय."

आबांनी स्टूलवर बसून कासेवरून हात फिरवला. तिनं पान्हा सोडला. दोन आचळं रिकामी झाल्यावर ते थांबले, सावकाश श्वास सोडला आणि कुणाचा हात न धरता उठले.

"उरलेलं तुमी काढा," ते पिराजींना म्हणाले. "तिला आता तुमच्याच हाताची सवय ऱ्हाऊ दे."

आबांना जाऊन आज चाळीस दिवस झाले. म्हैस विकल्याबद्दल ते मला अखेरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बोलायला हवं होतं. तेवढा दम त्यांच्याजवळ होता.