शेवटची खाच

आमच्या सरकारी इस्पितळात औषध फुकट मिळे, पण बाटली रोग्याने घरून आणायची असे. सरबताच्या, रमच्या, केसांच्या तेलाच्या बाटल्या खिडकीवर ओळीने येत. कृष्णा त्यात मिक्श्चर ओती आणि मी, औषधखात्याची सुपरवायझर म्हणून, चिठ्ठीशी ताडून बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवी. पट्टीच्या एका कडेला कात्रीने खाचा मारलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर कळत नाही त्यालाही ते कळे.

या पट्ट्या आमचे हे घरी कापून देत. नंदकुमार युनिव्हर्सिटीत शिकवायचे. रविवारी सकाळी चहा झाला की तपासलेल्या पेपरांच्या कोऱ्या बाजूंच्या घड्या घालून ते कात्री चालवत आणि पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवत. सर्वांत खालची खाच ते मुद्दाम जरा मोठी ठेवत. "औषध संपत आलं हे माणसाच्या बोटाला कळलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

मोटरसायकलवर दोघे बसलेले दिसले की अतिरेकी असतील या भीतीने लोक रस्त्याच्या कडेला सरकत, ते दिवस होते. एका मंगळवारी बसमध्ये स्फोट झाला, सेक्टर २२ च्या बाजारातली शटरं खाली आली आणि दुपारी बारालाच कर्फ्यू लागला. दोन वाजता शेजाऱ्यांच्या फोनवरून यांचा आवाज आला. दमा उसळला होता, तीन शब्दांमागे एक श्वास घेत होते. इंजेक्शन माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. इस्पितळाबाहेर ते न्यायचं तर सुपरिंटेंडेंटची सही लागे. मी चिठ्ठी लिहून डॉ. भल्लांच्या खोलीत गेले. सुरेश ड्रायव्हर गाडी चालू करून पोर्चमध्ये उभा होता, त्याच्याकडे कर्फ्यूचा पास होता. डॉ. भल्लांनी चिठ्ठी वाचली, पेपरवेटखाली ठेवली आणि म्हणाले, "नियम सब के लिए एक है, मॅडम. बाद में देखते हैं." मी पाच वाजेपर्यंत त्यांच्या दाराबाहेर बाकावर बसून होते. पाचला शेजाऱ्यांचा पुन्हा फोन आला.

दोन वर्षांनी, निवृत्त झालेले डॉ. भल्ला एका सोमवारी खिडकीवर आले. अंगावर शाल, हातात गुलाबाच्या सरबताची धुतलेली बाटली. छातीत कफ होता. सात दिवसांचं मिक्श्चर, रोज सकाळी एक डोस. त्यांनी मला ओळखलं, हसले, "कैसी हैं आप?" म्हणाले. मी ठीक आहे म्हटलं. डब्याच्या तळाशी यांच्या हातची एकच पट्टी उरली होती, सात खाचांची. दोन वर्षं मी ती कुणालाच दिली नव्हती. ती मी त्या बाटलीवर लावली आणि अंगठ्याने नीट दाबून बसवली.

पुढच्या सोमवारी बाटली भरायला आली तेव्हा खाचा सहा होत्या. कृष्णाने दोनदा मोजल्या. "डॉक्टरसाब, एक खुराक के साथ कागज भी चाट गए क्या?" ती म्हणाली, आणि तेही हसले. पट्टी तीच होती. फक्त वरच्या टोकाला, जिथे खाच होती, तिथे कड सरळ होती, कात्री कधी लागलीच नसल्यासारखी.

त्यानंतर पाच झाल्या, मग चार. कृष्णाने थट्टा सोडली आणि ती बाटली हातात घेणंही सोडलं. मी स्वतः ओतू लागले. काटेकोर, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. ते माझ्या हाताकडे बघत राहत. तीन उरल्या त्या दिवशी शालीतून हात बाहेर काढून त्यांनी खिडकीची कड धरली. "पट्टी बदल दीजिए, मॅडमजी. नयी लगा दीजिए."

माझ्यापुढे नव्या पट्ट्यांचा गठ्ठा होता.

"पट्टी फाटलेली नाही," मी हिंदीत शांतपणे म्हटलं. "नियम सगळ्यांना एकच आहे."

खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मला कितीतरी महिन्यांनी भूक लागली. मी भाकरी केली, ठेचा केला, पोटभर जेवले. थंडीचा मलाही थोडा खोकला होता. इस्पितळातून आणलेल्या बाटलीतलं मिक्श्चर घेतलं आणि ती फळीवर ठेवली. माझ्या बाटलीला मी पट्टी लावत नसे. इतक्या वर्षांनी माप हातालाच ठाऊक असतं.

एकच खाच उरली, तळाची, जरा मोठी, त्या सोमवारी ते रिक्षातून आले. बोलताना तीन शब्दांमागे एक श्वास घेत होते. त्यांनी पट्टी बदलून मागितली नाही. बराच वेळ त्या खाचेवर बोट ठेवून उभे राहिले आणि मग म्हणाले, "गाडी खड़ी थी उस दिन. अलमारी की चाबी भी आपके पास थी, मॅडम. कोट की जेब में."

मी बाटली भरून बूच घट्ट लावलं आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी मागितली.

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. गुरुवारी त्यांची सून आली, पांढऱ्या चुन्नीत. रविवारी गेले, म्हणाली. आठवडाभर डॅडीजींनी औषधाला हात लावला नाही, नुसते बाटलीकडे बघत बसायचे. तिने ती खिडकीवर ठेवली. गळ्यापर्यंत भरलेली, आणि पट्टीच्या दोन्ही कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ.

मी सही करून बाटली जमा करून घेतली. काम संपवलं, कपाटाला कुलूप लावलं, चावी कोटाच्या खिशात टाकली आणि घरी आले. मन हलकं होतं. चहा ठेवला. खोकल्याची उबळ आली म्हणून फळीवरची बाटली काढायला हात वर केला, आणि बोटाला कागद लागला.

गोंद केव्हाचाच वाळलेला होता. मी बाटली खिडकीच्या उजेडात नेली आणि खाचा मोजल्या. दोन होत्या, आणि त्यांतली खालची जरा मोठी.