बिनक्लचची गाडी

मॅडमचा डावा गुडघा गेला तो दुसऱ्यांचे क्लच दाबून दाबून. स्वतः गाडी ती चालवायचीच कुठे! उजव्या सीटवर घामाघूम झालेला विद्यार्थी, डाव्या सीटवर ही, आणि हिच्या पायाशी जादाचा क्लच, जादाचा ब्रेक. विद्यार्थी क्लच दाबायला विसरला की ही दाबणार. त्याने धाडकन सोडला की ही सावरणार. निम्म्या शहराला गाडी शिकवली बाईने. घरातलेही तिला मॅडमच म्हणत, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. शेवटी गुडघ्यानेच हात टेकले. ऑपरेशन झालं, चालणं जमायला लागलं, पण डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, "क्लच विसरा आता. पुन्हा दाबलात तर माझ्याकडे येऊ नका."

क्लच विसरा म्हणे! कोंबडीला सांगावं की खुडूक बसणं विसर.

मग काय, ड्रायव्हिंग स्कूल विकायचं ठरलं. पुलापलीकडे एक क्लासवाला होता, तो कधीचा टपूनच होता. त्याला गाडी हवी होती, फोन नंबर हवा होता आणि मुख्य म्हणजे मॅडमच्या नावाची पाटी हवी होती, कारण लोक पाटी बघून येत. तो दुसऱ्या दिवशी परगावी जाणार होता. आज संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत कागद आणि किल्ली द्यायची, बाकीचं नंतर. मॅडमने दुपारी ताटातलं अन्न नुसतं चिवडलं. एकदा पाटी दिली की आपण कोण? उरलेलं आयुष्य खिडकीत बसून लोकांच्या गाड्यांना नावं ठेवायची, एवढंच.

आणि तिथे जायचं कसं, तर वहिनीच्या गाडीतून! हेही नशिबी होतंच. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करणारी नर्स. दिवसभर गाडीवर, आणि गाडी ऑटोमॅटिक. मॅडमच्या भाषेत बिनक्लचची. "त्यात शिकण्यासारखं काय आहे? माकडही चालवेल," हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या गाडीत ती आजवर एकदाही बसली नव्हती. आज काठी टेकत डाव्या सीटवर बसली, कागदांची पिशवी मांडीवर घेतली आणि सवयीने पायाने ब्रेक चाचपला. तिथे नुसती मॅट.

"वन्सं, पट्टा लावा," वहिनी म्हणाली.

"मला सांगतेस?"

"तुम्हालाच. दुसरं कोण आहे गाडीत?"

ऑफिसं सुटायची वेळ. मुख्य रस्त्याला लागल्या आणि अडकल्या. पुढे लाल दिव्यांची रांग, मागे हॉर्नची. जरा हलायचं, थांबायचं, पुन्हा जरा हलायचं. पुढची गाडी सरकली तरी वहिनी जागची हलेना. मॅडमचा जीव वरखाली व्हायला लागला.

"अगं घे ना पुढे! एवढी जागा सोडलीस, ट्रक मावेल त्यात."

"मावू दे."

ट्रक नाही, पण एक टेम्पो मावलाच. "घुसला! बघ, घुसला मेला!"

"त्याला घाई असेल."

"आणि आपल्याला नाही वाटतं?"

"आहे ना. पण त्याच्या पाठीला नाक लावून दर दोन हातांवर रेस-ब्रेक, रेस-ब्रेक केलं म्हणून आपण लवकर नाही पोचणार. गिअरबॉक्समधलं तेल तेवढं तापेल." पुढे गाडीभर जागा झाली तेव्हा कुठे वहिनीने ब्रेक हलकेच सोडला. अॅक्सिलरेटरला पाय लावलाच नाही. गाडी आपली आपण सरकली आणि आपण होऊन थांबल्यासारखी थांबली.

मॅडमने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिची एक परीक्षा होती. थांबताना शेजारी बसलेल्याची मान हलली की चालवणारा नापास. आत्ता मान हलली नव्हती. योगायोग असेल, म्हणून तिने पुढच्या वेळी मुद्दाम लक्ष ठेवलं. नाही हलली. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. डावा पाय बाजूला गप्प, सगळं काम उजव्याचं, आणि तो पायसुद्धा असा की झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं. बाई गं, मॅडम मनात म्हणाली, हिला हे कधी यायला लागलं?

तोंडाने मात्र ती वेगळंच म्हणाली. सिग्नलला गाडी उभी होती. "न्यूट्रल कर की! ओढतेय बघ गाडी."

"एवढ्याशा थांब्याला नाही करत मी. ब्रेक घट्ट धरला की झालं. उठसूट काढ-घाल केली की आतल्या पट्ट्या झिजतात."

पुढे रस्ता खणला होता. एकच बाजू चालू, तिथे गाड्या अशा उभ्या की लोक इंजिन बंद करून खाली उतरले होते. आता वहिनीने आपण होऊन न्यूट्रल केलं आणि हँडब्रेक ओढला.

"आता बरं केलंस?"

"आता मुक्काम लांबला ना, वन्सं."

झेंडा धरून गाड्या अडवणाऱ्या माणसाने वाट सोडली. वहिनीने आधी ब्रेक दाबला, मग गिअरची दांडी पुढे जायच्या D वर घेतली आणि क्षणभर थांबली. गाडीने आतल्या आत अंग सावरलं, ते मॅडमला सीटमधून जाणवलं. त्यानंतरच वहिनीने ब्रेक सोडला. मागचा हॉर्नवर कोपर टेकून बसला होता. वहिनीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मॅडमला हे फार आवडलं. विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगायची ती, मागच्याचं ऐकू नका म्हणून. एकाने ऐकलं असेल तर शपथ!

आणि नेमकं तेव्हाच, इतकं सगळं बघून आणि मनातल्या मनात वाखाणून झाल्यावर, मॅडमच्या हाताने घात केला. पुढचा सिग्नल लागला, गाडी थांबली, आणि तिचा उजवा हात आपोआप उठला. उभ्या जन्माची सवय. विद्यार्थी विसरतात म्हणून शेजारून दांडी न्यूट्रलला ढकलायची. तिने ढकलली. वहिनी समोर बघत होती, तिला कळलंच नाही. हिरवा दिवा पडला, वहिनीने अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन केवढ्याने बोंबललं आणि गाडी जागच्या जागी. मॅडम दचकली. दचकून तिने काय करावं? तशीच दांडी खसकन D वर ओढली!

धाड्! गाडीला असा हिसका बसला की पिशवी खाली पडली आणि कागद विखुरले.

"हात काढा."

वहिनी ओरडली नाही. पण तिचा असा आवाज मॅडमने आजवर ऐकला नव्हता. जिने भल्याभल्यांच्या हातावर चापट्या मारल्या ती बाई आपलाच हात मांडीखाली दाबून बसली. कागद उचलायचंही तिला सुचेना. ही गाडी म्हणजे वहिनीची नोकरी होती. गिअरबॉक्स गेला तर उद्या सकाळी त्या अंथरुणावरच्या माणसांकडे ती काय उडत जाणार? आणि हे कुणामुळे, तर गाडी शिकवणाऱ्या मॅडममुळे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनीने एसी बंद केला, काच खाली घेतली आणि आवाज ऐकत राहिली. समोर पुलाचा चढ होता.

"चढावर कळेल," ती म्हणाली. "नुसतं इंजिन ओरडलं आणि गाडी उचलली नाही, तर गिअरबॉक्स गेला समजायचं."

चढावर अर्थातच गर्दी. शेजारचा एक जण ब्रेक न लावता अॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरत होता, जरा मागे, जरा पुढे. त्याच्या गाडीखालून करपल्याचा वास येत होता. वहिनीची गाडी ब्रेकवर निमूट उभी. मग पुढे जागा झाली. मॅडमने डोळे मिटून घेतले. इंजिनाचा सूर चढला, आणि पाठीला सीट लागली. गाडी चढ चढत होती.

"पकडतेय," वहिनी म्हणाली.

मॅडमने श्वास सोडला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने लपवलंही नाही. "चुकलं गं माझं."

"होतं असं."

"होत नाही! तू वेगळी आहेस म्हणून निभावलं. तुझ्यासारखं चालवताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही, वहिनी. कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणीच नाही. पहिल्या गाडीचा गिअरबॉक्स जाळला, तेव्हा अक्कल आली. आम्हा नर्सांतल्या आणखी तिघींनी जाळले. शिकवतं कोण? सगळे म्हणतात, D वर टाका आणि जा."

"मला विचारायचंस."

"विचारलं होतं की. तुम्ही म्हणालात, त्यात शिकण्यासारखं काय आहे."

वहिनीच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.  पुलावरून उतरता उतरता मॅडमने खाली वाकून एकेक कागद गोळा केला.

क्लासवाल्याचं ऑफिस उतारावरच्या गल्लीत होतं. गाडी लावायची जागा मागे होती. वहिनीने गाडी पूर्ण थांबवली, मग रिव्हर्स टाकला आणि मागे घेतली. पुन्हा पूर्ण थांबली. आता ती सरळ पार्किंगच्या P वर टाकणार, असं मॅडमला वाटलं. पण वहिनीने आधी न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक सैल केला आणि पाय पुन्हा ठेवून मगच P केलं.

"थांब," मॅडम म्हणाली. "मधेच पाय का सैल केलास?"

"गाडीचं ओझं आधी हँडब्रेकवर यायला हवं. नाहीतर उतारावर सगळं आतल्या एका छोट्याशा खुंटीवर लटकतं."

"म्हणजे आधी थांबणं. मग न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ओझं टेकवणं. शेवटी P." मॅडम बोटांवर मोजत बोलत होती. "हे पहिल्या दिवशी नाही सांगायचं. गोंधळतील. पहिला दिवस नुसता ब्रेकचा. चौथ्या-पाचव्या दिवशी चढ..." आणि ती थबकली. हा तिचा शिकवतानाचा आवाज होता. ऑपरेशननंतर तो आज पहिल्यांदा निघाला होता.

क्लासवाला दारात आला. "या मॅडम! बंदच करत होतो. आणलेत कागद?"

"आणलेत. पण देत नाही."

"म्हणजे?"

"गिअरची गाडी हवी तर जरूर न्या. पाटी मिळणार नाही, स्कूल चालू राहणार आहे. कुणी ऑटोमॅटिक शिकायला आलं तर माझ्याकडे पाठवा. लगेच नको पण, आधी मला शिकायचंय."

तो हसायला लागला. "तुम्हाला? तुम्हाला कोण शिकवणार?"

"ह्या," मॅडमने काठीने वहिनीकडे दाखवलं. "आमच्या वहिनी."

 मॅडम गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी आली. वहिनी गडबडून खाली उतरली. "अहो वन्सं, आत्ता? एवढ्या गर्दीत?"

"गर्दीतच तर शिकायचंय. मोकळ्या रस्त्यावर काय, कुणालाही येतं." मॅडम स्टिअरिंगमागे बसली, सीट पुढे घेतली, डावा पाय मागे ओढून घेतला. "बस ना तिकडे."

वहिनी डाव्या सीटवर अगदी कडेला टेकली. पट्टा लावायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"मला शिकवता नाही येत हो," ती म्हणाली.

"ते मी शिकवते," मॅडम म्हणाली. "तू मला गाडी शिकव."